पाणी टाकीत, कोरड घशात

रात्री हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरची टाकी काठोकाठ भरली, मास्क नीट बसवला, तरी पहाटे जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली आणि घसा खरखरीत. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: उशाशी पाणी ठेवा, आर्द्रता वाढवा. पाण्याच्या घोटाने दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आर्द्रता वाढवली की काहींचं काम होतं, काहींच्या नळीत नुसतं पाणी साचतं. असं का होतं हे कळायचं तर यंत्राच्या आधी नाकाकडे बघायला हवं.

नाक हे शरीराचं स्वतःचं ह्युमिडिफायर आहे, आणि माणसाने बनवलेल्या कुठल्याही ह्युमिडिफायरपेक्षा जास्त हुशार. आत घेतलेली हवा नाकातल्या ओल्या, रक्ताने भरलेल्या अस्तरावरून जाते. काही सेंटिमीटरच्या प्रवासात ती गरम आणि दमट होते. खोलीचं तापमान २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता निम्मी असेल, तर एक लिटर हवेत जेमतेम ९ मिलिग्रॅम पाणी असतं. तीच हवा घशाशी पोचते तेव्हा ३२ अंशांच्या आसपास असते आणि लिटरमागे सुमारे ३४ मिलिग्रॅम पाणी बाळगून असते. फुप्फुसांत ३७ अंशांना हा आकडा ४४ वर जातो. खरी हुशारी पुढे आहे. श्वास सोडताना ही उबदार, ओलसर हवा पुन्हा नाकातून बाहेर येते. आत येणाऱ्या हवेमुळे नाकाचं अस्तर थोडं थंड झालेलं असतं. त्यावर बाष्पाचा काही भाग परत जमतो आणि पुढच्या श्वासाला उपयोगी पडतो. म्हणजे नाक जे पाणी देतं त्यातलं काही वसूलही करतं. मात्र त्यासाठी एक अट आहे: हवा ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर आली पाहिजे.

ही अट मोडली की कोरड सुरू होते.

सीपॅपचं तत्त्व साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि श्वास अडखळतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. सतत थोड्या दाबाने हवा सोडली तर तो मार्ग आतून उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा हा उपचार मांडला, तेव्हा दाब नाकातूनच दिला होता. आजही यंत्रांचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण नाकातून आत शिरलेल्या या हवेला तोंडाची वाट मोकळी मिळाली तर ती तिथूनच निघून जाते. फुप्फुसांकडे जायचं तिला कारण राहत नाही. नाकातून आत, तोंडातून बाहेर, असा एकेरी वारा सुरू होतो आणि तो मिनिटभरात थांबत नाही. कधी कधी तास तास चालतो.

याचा हिशेब मांडून पाहू. शांत झोपेत माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. तोंडावाटे मिनिटाला आणखी ३० लिटर हवा गळू लागली आणि तिच्या प्रत्येक लिटरला नाकाने २५ मिलिग्रॅम पाणी द्यायचं म्हटलं, तर मिनिटाला पाऊण मिलिलिटर, तासाला ४५ मिलिलिटर पाणी लागेल. आठ तासांत ३६० मिलिलिटर. बहुतेक ह्युमिडिफायरच्या टाक्या साधारण एवढ्याच मापाच्या असतात. यातला थेंबही परत मिळत नाही, कारण परतीची हवा नाकातून येतच नाही. एवढं पाणी नाक पुरवू शकत नाही. पंख्यासमोर धरलेल्या ओल्या फडक्यासारखं त्याचं अस्तर सुकत आणि गार पडत जातं. सकाळी टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी झालेली दिसली तर त्यामुळेच गळतीची शंका घ्यावी.

गोष्ट इथे संपत नाही. सुकलेलं, गार पडलेलं अस्तर स्वतःला वाचवायला रक्तवाहिन्या फुगवतं, आणि नाक चोंदतं. सलिव्हन यांच्याच सिडनीतल्या गटाने १९९६ मध्ये यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. नाकाच्या सीपॅपवर असलेल्या निरोगी लोकांना त्यांनी मुद्दाम तोंडावाटे हवा गळू द्यायला लावली. थोड्याच वेळात त्यांच्या नाकातला हवेला होणारा अडथळा बराच वाढला. हवा गरम आणि दमट करून दिली तेव्हा ही वाढ कमी झाली. आता साखळी जुळते: तोंड उघडलं म्हणून नाक सुकलं, नाक सुकलं म्हणून चोंदलं, आणि नाक चोंदलं म्हणून तोंड आणखी उघडलं. घशाची कोरड हे या चक्राचं शेवटचं टोक. उपाय फक्त तिथे केले तर चक्र मागे फिरतच राहतं.

कोरड नेमकी कुठे आहे?

म्हणून पहिलं काम म्हणजे सकाळी उठल्याउठल्या स्वतःची थोडी तपासणी. जीभ, टाळू, गालांची आतली बाजू कोरडी ठणठणीत आणि नाक मात्र ठीक असेल, तर तोंड उघडं राहत असण्याची शक्यता जास्त. नाकात जळजळ, खपल्या, कधी रक्ताचा अंश आणि तोंड ओलं, असं असेल तर हवाच कोरडी आहे. इथे ह्युमिडिफायरचा खरा उपयोग. दोन्ही सुकत असेल तर वर सांगितलेलं चक्र चालू आहे असं समजायला हरकत नाही. ओठ फुरफुरल्याने जाग येणं, किंवा शेजारी झोपणाऱ्याने “तोंडातून फुस्स आवाज येतो” असं सांगणं, हा तर जवळजवळ पुरावाच.

यंत्रही साक्ष देतं. बहुतेक यंत्रं रात्रभराच्या गळतीची नोंद ठेवतात, लिटर प्रति मिनिट अशी. ती वाचताना एक लक्षात ठेवावं: प्रत्येक मास्कला उच्छ्वास बाहेर टाकण्यासाठी मुद्दाम ठेवलेली छिद्रं असतात आणि काही यंत्रं ती गळतीही आकड्यात धरतात, काही वगळतात. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडून घाबरण्यात अर्थ नाही. आपल्याच चांगल्या आणि वाईट रात्रींची तुलना करावी.

आणखी एक गंमत म्हणजे उघडं तोंड म्हणजे गळती, असं नेहमीच नसतं. मऊ टाळू आणि जिभेचा मागचा भाग एकमेकांना चिकटून असतील तर ओठ उघडे असूनही हवा बाहेर पडत नाही. तरीही तोंडातली लाळ वाळते, आणि झोपेत लाळ मुळातच अगदी कमी तयार होते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ बनवणाऱ्या ग्रंथी रात्री जवळजवळ सुट्टीवर असतात. त्यातून घोरणाऱ्यांना सकाळी कोरड पडणं हे स्लीप अ‍ॅप्नियाचंच एक लक्षण आहे. सीपॅप येण्याआधीही ती होती का, हे आठवून पाहावं. सगळं खापर यंत्रावर फोडणं अनेकदा अन्यायाचं ठरतं.

आधी नाक

बहुतेक लोक मास्क बदलण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. नाक मोकळं नसेल तर बाकी सगळे उपाय ठिगळं आहेत, कारण नाकातून श्वास घेता येत नसेल तर तोंड उघडणारच. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा तयार फवारा नाकात मारणं हा सर्वांत निरुपद्रवी उपाय. अ‍ॅलर्जीमुळे नाक चोंदत असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात. त्याचा गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दोन रात्रींत फरक नाही म्हणून तो सोडू नये. झटक्यात नाक उघडणारे थेंब मात्र सलग काही दिवसांपलीकडे वापरू नयेत, नाहीतर थेंब बंद केल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा आत मांसाची वाढ (पॉलिप) असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. फवाऱ्यांनी पडदा सरळ होत नाही.

त्यानंतर ह्युमिडिफायर. त्याची पातळी एकेक पायरीने वाढवावी आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन रात्री काढाव्यात. खोली गार असेल तर गरम दमट हवा नळीत निवते, बाष्पाचं पाणी होतं आणि मध्यरात्री नळीत गुडगुड होते किंवा मास्कमध्ये थेंब पडतात. यावर उपाय म्हणजे तापणारी नळी. ती नसेल तर नळीवर कापडी आवरण घालावं आणि यंत्र डोक्याच्या पातळीखाली ठेवावं, म्हणजे साचलेलं पाणी मागे वाहून जातं. उलट, हवा फार उबदार आणि दमट झाली तर काहींना कोंदट वाटतं आणि नाक जड होतं. त्यांनी एक पायरी उतरावं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावं, उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकावं आणि टाकी धुऊन वाळवावी. निलगिरीचं तेल किंवा कुठलाही सुगंध त्यात घालू नये. जे टाकीत पडतं ते रात्रभर फुप्फुसांत जातं.

ह्युमिडिफायरने गळती सहन करणं सोपं होतं, पण गळती बंद होत नाही. हा फरक विसरला की माणूस पातळी वाढवतच राहतो.

मग तोंड

तोंड उघडतं म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्यावा, हा विचार स्वाभाविक आहे. ज्यांना नाकातून श्वास घेणं शक्यच नाही त्यांना तो लागतोच. पण तो कोरडीवरचा हमखास इलाज नाही. मास्कच्या आत तोंड उघडंच राहिलं तर हवा तोंडातूनही जाते-येते आणि नाकाची वसुली बुडतेच. शिवाय असा मास्क मोठा असल्याने कडांतून जास्त गळू शकतो, पट्टे आवळले की जबडा मागे ढकलला जाऊ शकतो आणि त्यामुळे दाबही जास्त लागू शकतो. नाकाच्या मास्कला नीट संधी दिल्याशिवाय इकडे वळू नये.

हनुवटीचा पट्टा काहींना लागू पडतो, काहींना अजिबात नाही. तो जबडा वर धरतो, ओठ मिटवत नाही. मऊ आणि वरच्या दिशेने ओढणारा पट्टा बरा. मागे ओढणारा नको, त्याने श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे कुशीवर झोपणं. पाठीवर झोपलं की जबडा खाली लोंबतो.

तोंडाला चिकटपट्टी लावायची पद्धत अलीकडे फार चर्चेत आहे. मला ती पटत नाही. नाक मध्येच चोंदलं, उलटी झाली किंवा वीज जाऊन यंत्र बंद पडलं, तर तोंड हीच सुटकेची वाट असते. फुल फेस मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप मुद्दाम बसवलेली असते. नाकाचा मास्क आणि मिटवलेलं तोंड अशा जोडीला ती सोय नाही. करायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलूनच.

दाब हा विषय मात्र स्वतः हाताळायचा नाही. गरजेपेक्षा जास्त दाबाने तोंड उघडतं हे खरं, आणि वजन उतरलं असेल तर आधीचा दाब आता जास्त ठरू शकतो. पण तो मनाने कमी केला तर श्वास पुन्हा अडखळायला लागतो आणि घसा मिटला की तोंड उघडतंच. रात्रीच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावं. श्वास सोडताना दाब किंचित उतरवणारी सोय, किंवा गरजेनुसार दाब बदलणारं यंत्र, असे पर्याय त्यांच्याकडे असतात.

दात आणि औषधं

लाळ फक्त ओलावा देत नाही. ती तोंडातलं आम्ल शमवते. आम्ल वाढून तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि सुकलेल्या तोंडात हे अडवायला कोणी नसतं. त्यामुळे कोरड घालवायला रात्री गोड गोळी चघळणं हा सर्वांत वाईट उपाय. झोपताना कुठलीही सुटी गोळी तोंडात ठेवू नये, घशात अडकू शकते. हिरडीला चिकटून हळूहळू विरघळणाऱ्या झायलिटॉलच्या चकत्या किंवा कोरड्या तोंडासाठीचं जेल चालतं. चूळ भरायचं द्रव्य अल्कोहोल नसलेलं असावं, टूथपेस्ट फ्लोराइडची. दंतवैद्याला सीपॅप लावतो हे आवर्जून सांगावं. फार कमी लोक सांगतात.

औषधांची यादीही एकदा तपासून घ्यावी. अ‍ॅलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधं तोंड सुकवतात. ती आपल्या मनाने थांबवायची नाहीत, पण कधी पर्याय असतो, कधी घेण्याची वेळ बदलता येते. झोपण्यापूर्वीचं मद्य तोंडही सुकवतं आणि घशाचे स्नायूही सैल करतं.

आणि मास्क काढल्यावर दिवसभरही कोरड टिकत असेल, कोरडा घास गिळायला पाणी लागत असेल, डोळेही रुक्ष वाटत असतील, तोंडात पांढरे चट्टे दिसत असतील किंवा सारखी तहान लागत असेल, तर सीपॅपच्या सेटिंगमध्ये उत्तर शोधत बसू नये. मधुमेह, लाळग्रंथींवर परिणाम करणारा शोग्रेन सिंड्रोम, तोंडातला बुरशीचा संसर्ग यांची तपासणी साधी आहे आणि ती लवकर झालेली बरी.