खानापूर बसतं, संकेश्वर बसत नाही

नव्वदच्या दशकात मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचो. संगणकावर गावागणिक एक डिरेक्टरी, म्हणजे फायली ठेवायचा कप्पा. तेव्हा संगणक चालवणाऱ्या डॉस या प्रणालीत तिच्या नावाला आठच अक्षरं चालायची. इंग्रजी स्पेलिंगात खानापूर बरोब्बर आठ अक्षरांचं, ते बसायचं. संकेश्वर दहा अक्षरांचं. त्यातली शेवटची दोन डॉस न विचारता कापून टाकायचं. (शहराचं २०१४ पासूनचं अधिकृत नाव, बेळगावी, तेही नेमकं आठ अक्षरांत मावतं.) ही आठाची अट आली कुठून, हे मला फार उशिरा कळलं.

ती डॉसच्या आधीच्या सीपी/एम या संगणक-प्रणालीची. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास लिहिलेल्या या प्रणालीत फायलीच्या नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग प्रकाराची तीन. 'डिर', 'रेन', 'टाइप' या कमांड आणि ए, बी ही ड्राइव्हची अक्षरं तिच्यातही होती. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये त्याच धर्तीवर ८६-डॉस लिहिलं, मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ते आयबीएमच्या पीसीबरोबर बाजारात आलं.

त्या पहिल्या डॉसमध्ये डिरेक्टरी बनवणारी 'एमडी', तिच्यात शिरणारी 'सीडी', ती काढून टाकणारी 'आरडी' या कमांड नव्हत्याच. १६० केबीची फ्लॉपी, तिच्यावर फार तर ६४ फायली. एका यादीत सगळं दिसायचं. मार्च १९८३ मध्ये १० एमबीची हार्डडिस्क असलेला आयबीएमचा पीसी एक्सटी आला आणि एवढ्या फायली एकाच यादीत ठेवणं अवघड झालं. मग डॉस २.० नं डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी ही युनिक्स या दुसऱ्या प्रणालीची रीत उचलली. तिथे डिरेक्टरी बनवणारी 'एमकेडिर' ही कमांड १९७१ पासून होती. युनिक्स वाट दाखवायला '/' वापरतं. डॉसमध्ये मात्र ती रेघ 'फॉरमॅट /एस'सारख्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती, म्हणून उलटी रेघ आली. सी:\बेळगाव\खानापूर\नंदगड : जिल्हा, तालुका, गाव. ए आणि बी फ्लॉपीला दिलेली, त्यामुळे हार्डडिस्कला सी. फ्लॉपी गेल्या, सी राहिला.

आमच्या मशीनवर प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधीची खूण, नुसता 'सी>' असा होता. कुठल्या डिरेक्टरीत उभे आहोत ते दिसायचं नाही. एका दुपारी रद्दी फायली काढायला मी 'डेल *.*', म्हणजे इथल्या सगळ्या फायली काढ, असं दिलं, खात्रीच्या प्रश्नावर वाय दाबलं आणि मग लक्षात आलं, मी खानापुरात होतो. ऐन लगीनसराईत.

वाचलो ते 'डेल'च्या बांधणीमुळे. ही कमांड मजकूर पुसत नाही. यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण करते आणि डिस्कवरची ती जागा मोकळी धरते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. १९९१ च्या डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' आलं होतं. ते प्रत्येक फायलीचं गेलेलं पहिलं अक्षर विचारतं. मालक ऑर्डरवहीतून एकेक आडनाव वाचत गेले, मी पहिलं अक्षर देत गेलो. आम्ही लगेच थांबलो होतो, त्यामुळे सगळ्या पत्रिका परत मिळाल्या.

त्याच संध्याकाळी मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फायलीत 'प्रॉम्प्ट $पी$जी' ही ओळ घातली. पी म्हणजे पूर्ण पत्ता, जी म्हणजे पुढचा बाण. विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही कर्सरच्या आधी तोच पत्ता दिसतो.