काचबिंदूतील नळी आणि त्रिज्येचा चौथा घात

काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात काहीतरी ‘बसवतात’ असे कळले की अंधुक झालेली नजर आता परत येणार, अशी अपेक्षा अनेकांच्या मनात निर्माण होते. हा गैरसमज बहुधा मोतीबिंदूमुळे रुजला असावा. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि दृष्टी सुधारते. काचबिंदूतील रोपण मात्र कोणत्याही अवयवाची जागा घेत नाही. ती केवळ द्रव बाहेर नेणारी नळी असते. डोळ्यातील दाबामुळे दृष्टिचेतेचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, जे तंतू नष्ट झाले ते तिच्यामुळे पुन्हा जिवंत होत नाहीत, म्हणून तिची परिणामकारकता दाब किती उतरला आणि उरलेली नजर किती टिकली, यावरच मोजावी लागते.

डोळ्यात बुबुळामागे दर मिनिटाला सुमारे २ ते २.५ मायक्रोलिटर द्रव तयार होतो, पुढच्या कप्प्यात येतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून, तिच्यामागच्या श्लेमच्या नलिका नावाच्या बारीक वाहिनीमार्गे, शिरांमध्ये जातो. काचबिंदूत दाब वाढतो तो बहुतेक वेळा द्रव जास्त तयार होतो म्हणून नव्हे, तर बाहेर जाण्याची वाट अडते म्हणून. तोटी तेवढीच, मोरी तुंबलेली. मग मोठे भोक का पाडू नये? कारण दाब फार उतरला तर पुढचा कप्पा उथळ होतो, आतले पडदे सुजतात आणि उरलेली नजरही धोक्यात येते. नळीला द्रव वाहून न्यायचा असतो आणि त्याच वेळी थोडा अडवायचाही असतो.

हा अडथळा किती असावा, याचे गणित प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून मांडले होते. त्याला खरे तर रक्ताभिसरण समजून घ्यायचे होते. नळीचा अडथळा तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे व्यास निम्मा केला की अडथळा १६ पट होतो. जिलेटिनची झेन नळी याच नियमावर बेतलेली आहे. तिची लांबी ६ मिलिमीटर आणि आतला व्यास ४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मिनिटाला २ मायक्रोलिटर प्रवाह धरून हे आकडे सूत्रात घातले, तर दोन टोकांमधील दाबाचा फरक पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास येतो. व्यास ९० मायक्रॉन असता, तर तो एक मिलिमीटरही भरला नसता. 

बेअरवेल्ट रोपणाच्या सिलिकॉन नळीचा व्यास सुमारे ३०० मायक्रॉन असतो, म्हणजे तिचा स्वतःचा अडथळा जवळजवळ शून्य. तिथे अडथळा शरीरच उभा करते: नळीच्या टोकाच्या चकतीभोवती काही आठवड्यांत तंतुमय आवरण तयार होते आणि तोवर नळी विरघळणाऱ्या टाक्याने बांधून ठेवतात. अहमद रोपणात त्यासाठी झडप असते. हेच आवरण पुढे जाड झाले की दाब पुन्हा चढतो. आधी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांनंतर नळी सुमारे ३० टक्के रुग्णांत, तर पारंपरिक ट्रॅबेक्युलेक्टोमी (नळीशिवाय डोळ्याच्या भिंतीत द्रवासाठी वाट करण्याची शस्त्रक्रिया) सुमारे ४७ टक्के रुग्णांत अयशस्वी ठरली होती. नळी सरस ठरली खरी, पण तीस टक्के अपयश लहान नाही.

श्लेमच्या नलिकेत बसवायच्या आयस्टेंट किंवा हायड्रस यांसारख्या सूक्ष्म रोपणांत दाब शिरांतील दाबाच्या खाली, म्हणजे साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या खाली, जाऊ शकत नाही. त्यांची सुरक्षितता आणि त्यांची मर्यादा दोन्ही यातूनच येतात. तीव्र काचबिंदूला हा उतार पुरत नाही. त्यांच्या जाहिरातीतला ‘सूक्ष्म छेद’ हा शब्द जखमेचे वर्णन करतो, निकालाचे नव्हे.

छेद लहान असूनही काय होऊ शकते, हे सायपास या रोपणाने दाखवले. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसोबत बसवायचे हे रोपण २०१८ मध्ये कंपनीने स्वतःहून मागे घेतले. दोन वर्षांचे निष्कर्ष चांगले होते. पाच वर्षांनी मात्र कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरातील पेशींची घट नुसत्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या साधारण दुप्पट आढळली. माणसात या पेशी नव्याने वाढत नाहीत. नळीचे टोक पुढच्या कप्प्यात जितके जास्त डोकावत होते तितकी घट अधिक होती, म्हणून असे रोपण असलेल्या डोळ्यांत दाबासोबत या पेशींचीही ठरावीक काळाने मोजणी करावी लागते.