पार्श्वभूमी: काचबिंदूचा थेंब पापण्यांवर कसा आला

लग्नसराई जवळ आली की मुंबईतल्या पार्लरांतून, मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एका बाटलीचा फोटो फिरू लागतो. बिमाटोप्रॉस्ट, ०.०३ टक्के. खोक्यावर काचबिंदूचा (डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते, तो आजार) उल्लेख असतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हेही छापलेलं असतं. तरीही विचारणा असते ती पापण्या लांब करण्यासाठी. पापण्यांसाठी हे औषध सुरक्षितपणे वापरता येतं, डॉक्टर ते लिहूनही देतात. पण ज्या अटींवर ते सुरक्षित ठरलं, त्या अटी बाटलीबरोबर आपल्यापर्यंत क्वचितच पोचतात. त्या अटी कुठून आल्या, त्याची ही हकिकत.

प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात असतात हे १९३०च्या दशकापासून माहीत होतं, आणि डोळ्यातला दाब त्यांनी उतरतो हे नंतर प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. १९९६ मध्ये या कुळातला लॅटानोप्रॉस्टचा थेंब अमेरिकेत बाजारात आला. वर्षभरातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली: ज्या डोळ्यात थेंब घातला जातो, त्या बाजूच्या पापण्या लांब, जाड आणि काळ्या होतात. एकाच डोळ्याला औषध असलेल्या पेशंटमध्ये फरक लपत नव्हता. २००१ मध्ये याच कुळातलं बिमाटोप्रॉस्ट आलं आणि हा परिणाम आणखी ठळक झाला. तेव्हा त्याची गणना दुष्परिणामांत होत होती.

खरी गुंतागुंत २००७-०८ ची आहे, आणि आजचे सगळे प्रश्न तिथूनच निघतात. नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे सरकारी अधिकाऱ्यांनी पापण्यांच्या एका सौंदर्यप्रसाधनाच्या १२,६८२ नळ्या जप्त केल्या. किंमत सुमारे वीस लाख डॉलर. त्यात बिमाटोप्रॉस्ट होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाचा, म्हणजे एफडीएचा, आक्षेप दुहेरी होता. पापण्या वाढवण्याचा दावा केला की ती वस्तू औषध ठरते, आणि या औषधाला मंजुरी नव्हती. दुसरा मुद्दा अधिक गंभीर: जी बाई आधीच काचबिंदूसाठी हेच थेंब घेते, तिने त्यावर हे लावलं तर जास्तीच्या मात्रेने मूळ औषधाचा गुण कमी होऊ शकतो आणि डोळ्याच्या नसेला इजा पोचू शकते. डोळ्याच्या पडद्याला सूज आणि आतला दाह यांचाही इशारा दिला गेला.

त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, डिसेंबर २००८ मध्ये, त्याच नियामकाने तेच द्रव्य, तेवढ्याच ताकदीचं, पापण्यांसाठी मंजूर केलं. मंजुरी मिळालेल्या आजाराचं नाव होतं पापण्यांचे केस अपुरे किंवा विरळ असणं. अपुरे म्हणजे किती, हे मोजायचं कशाने? नियामकापुढे ठेवलेल्या चाचणीत २७८ माणसं होती, सोळा आठवडे. चार पायऱ्यांच्या फोटोपट्टीशी ताडून पाहिलं, तेव्हा औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्के जणांच्या पापण्या किमान एक पायरी वर गेल्या. औषध नसलेला नुसता द्रव लावणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. लांबी सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. परिणाम खरा आहे, यात मला शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. काचबिंदूत दृष्टी वाचवण्यासाठी जो धोका पत्करायचा, तोच धोका निरोगी डोळ्याने कशासाठी पत्करायचा?

या प्रश्नाचं उत्तर मंजुरीत होतं, आणि ते औषधात नव्हतं, लावण्याच्या पद्धतीत होतं. थेंब डोळ्यात घालायचाच नाही. ३ मिलीच्या बाटलीबरोबर ६० निर्जंतुक, एकदाच वापरून टाकायचे ब्रश दिले गेले: महिन्याभराच्या रात्री, प्रत्येक डोळ्याला नवा. ब्रशवर एक थेंब, वरच्या पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी एकदाच फिरवायचा, आणि उरलेला ओघळ टिपून घ्यायचा. डोळ्यात जाणारा अंश त्यामुळे खूपच कमी होतो. खालच्या पापणीला लावायचं नाही. डोळा मिटला की तिथे आपोआप लागतं. आपल्याकडे काजळ खालच्या पापणीतच घालायची सवय असल्याने हात तिकडे जातो, आणि नेमकी हीच सूचना सगळ्यात जास्त मोडली जाते.

२००९ मध्ये नियामकाने उत्पादकाला जाहिरातीबद्दल पत्र लिहून बजावलं, की वेबसाइटवर धोके झाकले जात आहेत. या पत्राचा फारसा उल्लेख होत नाही, पण माझ्या मते मंजुरीइतकंच ते महत्त्वाचं आहे. झाकलं गेलेलं काय असतं, ते आपल्या घरांच्या हिशेबाने पाहायला हवं. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो बहुधा कायमचा. आपल्या गर्द तपकिरी डोळ्यांत तो कळणारही नाही, पण कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलीला कळेल. पापणीची कातडी काळवंडते. औषध थांबवलं की ती बहुतेकदा पूर्ववत होते, पण गव्हाळ वर्णावर तोवर लोक तिला जागरणाची काळी वर्तुळं समजतात आणि वर कन्सीलर फासतात. औषध गालावर ओघळत राहिलं तर तिथेही केस येतात. २००४ पासून आणखी एक परिणाम नोंदला जाऊ लागला: डोळ्याभोवतीची चरबी आटून वरच्या पापणीची खोबण खोल जाते, डोळा आत गेल्यासारखा दिसतो. या कुळात तो बिमाटोप्रॉस्टनेच जास्त दिसतो. पापण्या सुंदर दिसाव्यात म्हणून औषध घेणाऱ्याला हे आधी सांगायला हवं, नंतर नव्हे.

२०१० मध्ये काचबिंदूसाठी ०.०१ टक्क्याची बाटली आली, डोळे कमी लाल व्हावेत म्हणून. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही ताकदी असतात, आणि पापण्यांसाठी मंजूर झालेली ०.०३ चीच. बाटली बदलली तर केमिस्टला विचारा. २०१४ मध्ये जपाननेही पापण्यांसाठी मंजुरी दिली. कॅन्सरच्या केमोथेरपीने पापण्या गळालेल्यांचा विचार तिथे वेगळा झाला होता. परळच्या रुग्णालयांभोवती राहणाऱ्या अनेक बायकांना या औषधाची गरज हौसेपलीकडची आहे, म्हणून त्याला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही.

मुंबईत हाती येते ती बहुतेकदा काचबिंदूची बाटली, ब्रशाविना. मग आयलायनरचा जुना ब्रश धुऊन वापरला जातो, महिनोन्‌महिने तोच, आणि एकाच बाटलीत दोघी-तिघी. पावसाळ्याच्या दमट हवेत हे जंतूंना आमंत्रण आहे. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच एकदाच वापरायचे ब्रश मागून घ्यावेत, बाटलीचं टोक कशालाही लावू नये आणि उघडलेली बाटली खोक्यावरच्या मुदतीनंतर टाकून द्यावी. मेकअप काढून, कॉन्टॅक्ट लेन्स उतरवून लावायचं. लेन्स पंधरा मिनिटांनी घालता येतात, कारण औषधातला प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्स शोषून घेते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोळा दुखला, लाली उतरेना, दिसायला अंधुक झालं किंवा डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तर थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. घरात आईला, मावशीला काचबिंदू असेल तर नेत्र तपासणी शिबिरात हे औषध लावता म्हणून सांगाच. त्याने डोळ्याचा दाब कमी भरू शकतो आणि खरं निदान लांबतं.

सध्याचा पेच सिरमांचा आहे. चिठ्ठी लागत नाही असं सांगून विकल्या जाणाऱ्या काही पापणी सिरमांत याच कुळातलं आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट असतं. २०२२ मध्ये युरोपच्या वैज्ञानिक समितीने सौंदर्यप्रसाधनांतल्या अशा द्रव्यांबद्दल चिंता व्यक्त केली. आपल्या १९४० च्या औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्यातही शरीराची रचना किंवा कार्य बदलण्यासाठी असलेलं, सरकारने अधिसूचनेने ठरवलेलं द्रव्य औषधाच्या व्याख्येत येतं. तेव्हा सिरम घेताना घटकांच्या बारीक यादीत "प्रोस्ट" असलेलं नाव दिसलं, तर ते डॉक्टरांना दाखवून मगच लावावं. आणि फोटोतला पुरता फरक दिसायला सोळा आठवडे लागतात, थांबवल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत पापण्या पूर्वीसारख्या होतात, हेही त्यांच्याकडून आधीच विचारून घ्यावं.