लेझरपूर्वी चिमटा नको : चाळिशीनंतर हनुवटीवर येणाऱ्या केसांविषयी

आमच्याकडे येणाऱ्या पंचेचाळिशीच्या आसपासच्या भगिनी बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतात : "कधी नव्हते, आता हनुवटीवर केस यायला लागले आहेत." पाळी पुढेमागे होऊ लागलेली असते, साबणाने धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, आणि एके दुपारी सिग्नलला थांबल्यावर स्कूटरच्या आरशात एक जाड काळा केस दिसतो, जो सकाळी घरातल्या आरशात मुळीच दिसला नव्हता.

आपल्याकडे पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी थांबते, परंतु त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण खालीवर होत उतरणीला लागलेले असते. अँड्रोजेन ही पुरुषी गुणधर्माची, स्त्रियांतही थोडी असणारी संप्रेरके त्या मानाने सावकाश कमी होत असल्यामुळे तोल त्यांच्याकडे झुकतो आणि हनुवटी, जबडा व वरचा ओठ येथील लव काही ठिकाणी राठ केसांत बदलते. मात्र केस अचानक आणि झपाट्याने वाढत असतील किंवा सोबत आवाज घोगरा होत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा ग्राहकांचे लेझर आम्ही तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय सुरू करीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्रक छापावे लागले ती. लेझरचा प्रकाश केसातील काळा रंग शोषून घेतो, त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. चिमट्याने उपटल्यावर, थ्रेडिंग किंवा वॅक्स केल्यावर केस मुळासकट बाहेर येतो, त्यामुळे प्रकाशाने धरावे असे आत काही उरत नाही. परंतु डॉक्टरांसमोर असे केस घेऊन कसे जायचे, या संकोचाने अनेक जणी आदल्या रात्री चिमटा घेऊन बसतात आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत हनुवटीने येतात. भिंगातून पाहिले की रंध्रे रिकामी दिसतात. अशा वेळी आम्ही सिटिंग पुढे ढकलतो. त्यावरून नाराजी होते, विशेषतः अर्धी रजा टाकून आलेल्यांची, आणि ती आम्हाला समजते. परंतु रिकाम्या रंध्रांवर यंत्र फिरवून घेतलेल्या पैशांचा हिशेब पुढे "काहीच फरक नाही" या तक्रारीत द्यावा लागतो.

म्हणून पहिल्या सिटिंगपूर्वी किमान ४ आठवडे, आणि पुढे उपचार संपेपर्यंत, चिमटा, दोरा आणि वॅक्स पूर्णपणे बंद ठेवावे. मधल्या काळात केस दिसू लागल्यास साध्या रेझरने काढावेत. सिटिंगच्या आदल्या दिवशी तर तसे काढूनच यावे. रेझर लावल्याने केस राठ येतात, ही समजूत पार्लरपासून माजघरापर्यंत सगळीकडे आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून ते बोटाला खुपते, एवढेच. मुळाला रेझरचा स्पर्शही होत नाही.

आमचे यंत्र १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, एनडी-याग प्रकारचे लेझर आहे. ही तरंगलांबी त्वचेच्या वरच्या थरातील रंगात कमी अडकते, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका कमी राहतो. साधारणपणे ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ६ ते ८ सिटिंग लागतात. संप्रेरकांमुळे येणारे केस "कायमचे" जातील, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. ते विरळ व बारीक होतात आणि पुढे अधूनमधून एखादे सिटिंग घ्यावे लागते. पांढऱ्या केसात रंगच नसल्याने त्यावर लेझर चालत नाही, त्यामुळे केस काळे आहेत तोवरच उपचार उरकलेले बरे. गालावरच्या मऊ लवेवर मात्र कोणी आग्रह केला तरी आम्ही लेझर करीत नाही, कारण काही स्त्रियांमध्ये त्याने लव कमी होण्याऐवजी जाड होते.

याच वयातील इतर तक्रारींविषयी थोडक्यात. पाळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतील कोलॅजेन (त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन) सुमारे ३० टक्क्यांनी घटते, म्हणून सैलपणा व सुरकुत्या एकदम जाणवतात. त्यासाठी रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासूनचे मलम), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचण्याचा उपचार) किंवा सौम्य पील (त्वचेचा वरचा थर काढणारे द्रावण) यांचा उपयोग होतो. परंतु कोरडी त्वचा आधी सेरामाइड (त्वचेतील ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेल्या मॉइश्चरायझरने सावरावी, नाहीतर रेटिनॉल पहिल्याच आठवड्यात झोंबते आणि ट्यूब कपाटात जाते. वांगावर औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेले, स्टेरॉइड असलेले गोरेपणाचे मलम लावत असल्यास कृपया लपवू नये. त्याने त्वचा पातळ झालेली असते आणि आम्हाला पील व लेझर दोन्ही थांबवावे लागते.

येताना चालू औषधांची यादी आणावी, आधीचे ८ दिवस ब्लीच व फेशियल टाळावे आणि सनस्क्रीन रोज लावावे. हनुवटीवर पॅच टेस्ट (छोट्या जागेवर लेझरची चाचणी) करून, तिचा परिणाम पाहूनच आम्ही पहिल्या सिटिंगची तारीख देतो. तपासणीचे शुल्क त्या सिटिंगच्या बिलातून वजा होते. लग्नाकार्याच्या घाईत चिमटा लागलाच, तर संकोच न करता आधी फोन करावा. तारीख पुढे घेण्याचे वेगळे पैसे आम्ही आकारत नाही, आणि आपली फेरीही वाचते.