सुपरमून वेगळा, क्षितिजावरचा थोराड चंद्र वेगळा

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी ही गंमत पाहिलेलीच असते. संध्याकाळी उजव्या हाताला, बांधाला टेकून चंद्र उगवतो तो भाकरीएवढा, तांबूस. मध्यरात्री पायांचे गोळे ओरडू लागतात, तोवर तोच डोक्यावर बारका आणि पांढराफटक. २०२५ची कोजागरी खरोखर सुपरमूनची, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेची, होती. त्यामुळे उगवतानाचा तो थोराड चंद्र म्हणजेच सुपरमून, असं समजणं सोपं होतं. पण तो मोठेपणा आपल्या डोक्यातला. दर पौर्णिमेला दिसतो, सुपरमून असो वा नसो.

खात्री करायची तर मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक टपोरा दाणा चिमटीत धरा आणि हात लांब करा. चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा, दाण्याच्याच मापाचा. उगवताना आणि माथ्यावर आल्यावर, दोन्ही वेळा दाणा त्याला सारखाच झाकतो. खरं तर क्षितिजावरचा चंद्र किंचित लहानच असतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजार किलोमीटरांहून थोडा जास्त लांब असतो. तांबूस रंग हवेमुळे. मेंदू का फसतो, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

सुपरमूनमध्ये चंद्र खरोखरच जवळ येतो. त्याची कक्षा लंबगोल आहे. जवळचं टोक उपभू, तिथे तो ३,५७,००० किलोमीटरांच्या आसपास येऊ शकतो. दूरचं अपभू, सुमारे ४,०६,००० किलोमीटर. उपभूजवळ पौर्णिमा आली की सुपरमून. (हे नाव खगोलशास्त्रज्ञांचं नव्हे. १९७९ मध्ये रिचर्ड नोल या अमेरिकी ज्योतिषाने ते दिलं.) अपभूच्या पौर्णिमेपेक्षा हा चंद्र साधारण १४ टक्के मोठा. किती, ते खिशातच आहे: एक रुपयाचं नाणं आणि त्याच मालिकेतलं दोन रुपयांचं. शेजारी ठेवली तर फरक कळतो. एक आज दाखवलं आणि दुसरं सहा महिन्यांनी, तर कोण ओळखणार? चंद्राचं नेमकं तसंच होतं. नेहमीच्या पौर्णिमेशी तुलना केली तर फरक याच्या निम्माच.

परिणामांचं म्हणाल, तर भासाचा परिणाम शून्य. सुपरमूनचा मात्र समुद्रावर होतो. भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे उपभूला चंद्राची ओढ सरासरीपेक्षा जवळपास पाव पटीने वाढते. कोकणात पौर्णिमेला उधाण येतंच. त्यात थोडी भर पडते. वादळ किंवा मोठा पाऊस जोडीला आला तरच किनाऱ्याने काळजी करावी. आपल्याकडे समुद्र नाही, आणि उजनीचं पाणी कितीही पसरलेलं दिसलं तरी भरती जाणवण्याएवढं ते विस्तीर्ण नाही.

राहता राहिला सुपरमूनने भूकंप होतात हा समज. सुपरमून म्हटलं की आपल्या भागातल्या जुन्या माणसांना किल्लारी आठवते, आणि त्याला कारणही आहे: ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, गणपती विसर्जनानंतरची, पौर्णिमेला लागूनच होती. पण त्या वर्षीचा मोठा सुपरमून ८ मार्चलाच होऊन गेला होता. किल्लारी हादरली तेव्हा चंद्र अपभूच्या टोकाला, म्हणजे आपल्यापासून होता होईल तितका लांब होता.