वनपुनर्स्थापनेसाठी सीएसआर निधी: मुंबईतील संस्थांनी अर्ज कसा करावा

जंगल, गवताळ माळ किंवा कांदळवन सावरण्याच्या कामाला निधी हवा असेल, तर मुंबईतील संस्थेला कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी हा सगळ्यांत जवळचा मार्ग आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा आधीच्या वर्षी गाठली, तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. अशा खर्चाचे विषय ठरवणाऱ्या त्या कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये पर्यावरण आहेच. अर्ज अडतात ते बहुधा जागेचे कागद आणि वेळापत्रक यांपाशी.

पात्रता

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ (ना-नफा) कंपनी असावी; आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या हव्यात. कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसलेल्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. इथे गल्लत होते. नोंदणीला तीन वर्षे झाली एवढे पुरत नाही, त्याच स्वरूपाचे काम तीन वर्षे केलेले दाखवावे लागते. शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने दर पावसाळ्यात शाळेभोवती रोपे लावली असतील, तर हा अनुभव कमकुवत ठरतो. अशा वेळी अनुभवी संस्थेच्या नावाने अर्ज करून आपण स्थानिक काम सांभाळावे.

त्यानंतर सीएसआर-१ हा ऑनलाइन फॉर्म. तो अधिकृत पदाधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने आणि सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा कॉस्ट अकाउंटंटच्या प्रमाणीकरणाने केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात. त्यातून मिळणाऱ्या क्रमांकाशिवाय कंपनी संस्थेमार्फत हा खर्च करू शकत नाही.

संस्थेचे कागद

नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र किंवा घटना, संस्थेचे पॅन, १२ए, ८०जी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांची यादी, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव.

सर्वाधिक वेळ खातो तो पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा असतो. मुंबईतल्या संस्थांना त्यासाठी वरळीचे कार्यालय आहे. अनेक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात. मग ठरावावरची सही आणि उतारा जुळत नाही, आणि कंपनीचा विधी विभाग फाइल परत पाठवतो. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी हे दुरुस्त करा. पॅनवरचे आणि उताऱ्यावरचे संस्थेचे नावही अक्षर न् अक्षर पडताळा.

जागा

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि जागामालकाची लेखी संमती जोडा. ग्रामपंचायतीची जागा असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा. वनजमीन असेल तर वन विभागाशी लेखी करार लागतो. संस्था, कंपनी आणि वन विभाग यांचा त्रिपक्षीय करार केला तर पुढे जबाबदारीवरून वाद होत नाहीत. नकाशावर एकच ठिपका देऊ नका, जागेची पूर्ण हद्द आखलेली केएमएल (डिजिटल नकाशाची) फाइल द्या.

जागेची निवड हाच प्रस्तावाचा कणा. नैसर्गिक माळावर झाडे लावली तर तिथली गवते आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात. शिवडीसारख्या चिखलपट्ट्यावर तिवरे लावली तर रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगो) खाण्याची जागा जाते. जिथे जुन्या खोडांना नवे फुटवे येताहेत, तिथे चराई आणि वणवा रोखला तरी जंगल उभे राहते. अशा जागेसाठी रोपांऐवजी राखणीचा खर्च मागा. लागवड करायचीच असेल तर ऐन, किंजळ, हेद, कळंब, मोह अशा कोकणातल्या जाती लिहा. गिरिपुष्प, सुबाभूळ या परदेशी जाती यादीत नकोत.

आकडे आणि वेळ

कंपनीला ‘दहा हजार झाडे’ ऐकायला आवडते, पण गणित आधी करा. ३ बाय ३ मीटर अंतरावर हेक्टरी १,१११ रोपे बसतात, म्हणजे दहा हजारांना ९ हेक्टर लागतात. २ बाय २ मीटरवर हेक्टरी २,५०० रोपे बसतात. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून ठेवावे लागतात, लागवड जूनच्या मध्यानंतर, माती खोलवर भिजल्यावर. त्यामुळे मंजुरी जुलैत आली तर पहिला हंगाम गेलाच समजा. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्या आणि दीड वर्षाची रोपे रोपवाटिकेत आधीच राखून ठेवा.

दुसरी अडचण ३१ मार्चची. एका वर्षाचा प्रकल्प असेल, तर उरलेली रक्कम कंपनीला सहा महिन्यांत अनुसूची ७ मधल्या एखाद्या निधीत भरावी लागते, ती तुमच्या जंगलाला मिळत नाही. म्हणून संचालक मंडळाच्या ठरावात काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवून घ्या. अशा प्रकल्पाला सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे मिळतात, आणि उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात जाते. जून २०२६ मध्ये सुरू झालेले काम ३१ मार्च २०३० पर्यंत चालू शकते: एक लागवडीचा पावसाळा आणि त्यानंतरचे तीन राखणीचे. रोप जगते ते याच तीन वर्षांत. म्हणून मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, निंदणी, पावसाळा संपल्यावर जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढणे आणि राखणदाराची मजुरी यांना वर्षवार वेगळ्या ओळी द्या. फक्त लागवडीचा खर्च मागणारे अंदाजपत्रक अपुरेच समजा.

प्रशासकीय खर्चाची ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. क्षेत्र पर्यवेक्षकाचा पगार प्रकल्पाचा खर्च आहे; तो लपवू नका. पाण्याची टाकी, कुंपण यांसारखी मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, तेव्हा ती संस्थेकडे, बचतगटाकडे की शासकीय यंत्रणेकडे राहील ते अर्जातच लिहा.

जिवंत रोपांची मोजणी २० बाय २० मीटरच्या ठरावीक तुकड्यांत दर वर्षी एकाच महिन्यात करा. ऑक्टोबरचे आणि मेचे आकडे एकमेकांशी जोडता येत नाहीत. कंपनीच्या वित्तप्रमुखांना निधीच्या वापराची खातरजमा करावी लागते, तेव्हा सीएच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच त्यांच्या हाती पोहोचवा. मजुरीची हजेरीपत्रके आणि रोपवाटिकेची बिले त्यासोबत लागतात.