लोन की ट्रान्सफर? फुटबॉलपटूच्या क्लबांची यादी वाचताना

हॅरी केन आणि रिकी लॅम्बर्ट हे दोघेही इंग्लंडकडून खेळलेले स्ट्रायकर. दोघांच्या सुरुवातीच्या वर्षांतले क्लब कागदावर लिहून काढा. केन: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर. लॅम्बर्ट: मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स. नावं झाकून या याद्या सोलापुरात पार्क मैदानाच्या आसपास फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही पोराला दाखवल्या, तर दोघांबद्दल तो एकच बोलेल, "हा कुठंच टिकला नाही." आणि दोघांच्याही बाबतीत ते चूक ठरेल, पण वेगवेगळ्या कारणांनी.

केन त्या चारही क्लबांत लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, गेला होता. 2011 च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी, त्याच्या मूळ क्लबनं, टॉटनहॅमनं, त्याला लेटन ओरिएंटला पाठवलं आणि 2013 पर्यंत आणखी तीन ठिकाणी खेळवलं. या सगळ्या काळात त्याचा मूळ करार टॉटनहॅमशीच होता. लॅम्बर्टनं मात्र प्रत्येक वेळी खरोखर क्लब बदलला. जुना करार संपला किंवा मोडला, नवा झाला, आणि मागं परत यायला जागा उरली नाही. एकाच्या यादीत प्रशिक्षणाचे मुक्काम आहेत, दुसऱ्याच्या यादीत नोकऱ्या आहेत. इंग्रजी फुटबॉलमध्ये जर्नीमन म्हणतात तो या दुसऱ्या प्रकारचा माणूस: क्लबामागून क्लब बदलत खेळावर घर चालवणारा. त्याच्या यादीतही अधूनमधून लोन असतात, म्हणूनच गोंधळ होतो.

आपल्याकडं हा फरक समजायला जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक डोळ्यासमोर आणावा. त्याची बदली झाली की तो नव्या शाळेचा. प्रतिनियुक्तीवर गेला तर काम दुसरीकडं, पण मूळ आस्थापना जुनीच. मुदत संपली की परत. लोन म्हणजे प्रतिनियुक्ती, ट्रान्सफर म्हणजे बदली. मात्र एका ठिकाणी ही तुलना तुटते आणि तिथं ती सोडूनच द्यायला हवी. शिक्षकाला बदलीचा आदेश हातात पडतो. फुटबॉलपटूच्या सहीशिवाय लोनही होत नाही आणि ट्रान्सफरही होत नाही. "क्लबनं विकून टाकला" असं आपण सहज म्हणतो, पण खेळाडू नाही म्हणाला तर व्यवहार तिथंच थांबतो. नाही म्हणायची ताकद प्रत्येकाकडं सारखी नसते, हे खरं. बाकावर बसवून ठेवलेल्या तेवीस वर्षांच्या पोरानं लोन नाकारायचं म्हणजे आणखी एक वर्ष सामन्याविना काढायची तयारी ठेवायची.

लोनमध्ये पगार कोण देणार हे दोन क्लब आपसात ठरवतात. कधी घेणारा क्लब पूर्ण देतो, कधी अर्धा-अर्धा, कधी मूळ क्लबच सगळा भार उचलतो आणि बदल्यात खेळाडूला मैदानावर वेळ मिळावा एवढीच अपेक्षा ठेवतो. वर काही रक्कम लोन फी म्हणून दिली जाते किंवा अजिबात दिली जात नाही. करारात परत बोलावण्याची अट असू शकते. शेवटी विकत घेण्याची मुभा असू शकते, किंवा सक्तीही असू शकते. ही सक्ती असेल तर तो व्यवहार नावालाच लोन. प्रत्यक्षात ती पुढच्या हंगामात पैसे देण्याच्या बोलीवर केलेली खरेदी असते. बातमीत "लोन" एवढाच शब्द वाचून थांबू नये ते याचसाठी.

केनच्या नॉरिचमधल्या दिवसांत लोनचा सगळ्यात मोठा आधार दिसतो. 2012 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं. तो उपचारासाठी टॉटनहॅमकडं परतला, तिथं बरा झाला, पुन्हा नॉरिचला गेला आणि 2013 च्या फेब्रुवारीत टॉटनहॅमनं त्याला परत बोलावून घेतलं. त्याच महिन्यात तो लेस्टरला. एवढ्या घालमेलीत त्याच्या पाठीशी एक क्लब होता आणि त्या क्लबला त्याच्या पायाची काळजी घेण्यात स्वतःचा फायदा होता. एकेका हंगामाच्या करारावर जगणाऱ्या खेळाडूचं हाड मेमध्ये मोडलं तर जूनमध्ये करार संपतो, आणि लंगडणाऱ्या माणसाला नवा करार द्यायला कोण बसलंय?

लोनमुळं विचित्र सामनेही घडतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवर गेलेला खेळाडू आपल्या मूळ क्लबाविरुद्ध उतरू शकत नाही. युरोपीय स्पर्धेत तशी आडकाठी नाही. 14 ऑगस्ट 2020 रोजी बायर्न म्युनिकनं बार्सेलोनाला 8-2 असं धुतलं, त्यातले शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योचे होते. कुटिन्यो त्या वेळी बार्सेलोनाचाच खेळाडू होता, बायर्नकडं लोनवर.

आता ट्रान्सफर. इथं आपल्या लोकांची गल्लत जास्त होते, आणि ती आयपीएलमुळं होते. आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतवर 27 कोटींची बोली लागली तेव्हा तो आकडा म्हणजे त्याचं एका हंगामाचं मानधन होतं. फुटबॉलमधली ट्रान्सफर फी खेळाडूचा पगार नसते. एका क्लबनं दुसऱ्या क्लबला दिलेली ती भरपाई असते, कारण खेळाडूचा करार मुदतीआधी संपवला जातो. 2017 मध्ये नेमारसाठी पॅरिस सेंट जर्मेनच्या तिजोरीतून 22 कोटी 20 लाख युरो गेले, ते बार्सेलोनाला मिळाले. नेमारचा पगार वेगळा ठरला. छोट्या पातळीवरही हेच. 2002 मध्ये स्टॉकपोर्टनं लॅम्बर्टसाठी मॅकल्सफील्डला 3 लाख पौंड दिले. ते पैसे मॅकल्सफील्डचे. लॅम्बर्ट मॅकल्सफील्डला येण्याआधी बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता, कारण ब्लॅकपूलनं सोडल्यावर काही महिने त्याला क्लबच नव्हता.

त्या कारखान्याच्या दिवसांविषयी आपण फार कमी बोलतो. लॅम्बर्टची गोष्ट सांगताना लोक थेट 14 ऑगस्ट 2013 वर उडी मारतात: वेम्बली, स्कॉटलंडविरुद्ध सामना, एकतिसाव्या वर्षी पदार्पण, बदली खेळाडू म्हणून उतरून पहिल्याच स्पर्शात डोक्यानं गोल. ते सुंदरच आहे. पण जर्नीमनचं आयुष्य समजून घ्यायचं तर दोन क्लबांच्या मधली रिकामी जागा बघायला हवी. क्लबांच्या यादीत ती दिसत नाही. 2000 नंतर 2001 एवढंच छापलेलं असतं. मधे कुणी झाकणं लावली, कुणी भावाच्या दुकानात बसलं, ते लिहायला यादीत रकाना नसतो.

ही रिकामी जागा येते ती बहुतेकदा तिसऱ्या मार्गानं, जो लोनही नाही आणि फी देऊन झालेली ट्रान्सफरही नाही. करार संपतो आणि खेळाडू मोकळा होतो. युरोपात 1995 पर्यंत करार संपल्यावरही जुना क्लब फी मागू शकत असे. बेल्जियमच्या लिएज क्लबमधला ज्याँ-मार्क बोसमन फ्रान्समधल्या डंकर्कला जाऊ पाहत होता, फीवरून अडवला गेला, आणि न्यायालयात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू फीविना दुसऱ्या देशातल्या क्लबकडं जाऊ शकतो. आज फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू पुढच्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो. मोठ्या खेळाडूला या स्वातंत्र्यातून घसघशीत पगार मिळाला, कारण वाचलेली फी त्याच्याकडं वळवता येते. जर्नीमनला मिळालं ते दुधारी आहे. जायला तो मोकळा, तसाच क्लबही त्याला न ठेवायला मोकळा. माझ्या मते मधल्या दर्जाच्या खेळाडूसाठी ट्रान्सफर ही अनेकदा चांगली बातमी असते. आपल्यासाठी कुणीतरी पैसे मोजले याचा अर्थ निदान दोन-तीन वर्षं तो क्लब आपल्याला खेळवू पाहणार. फुकट आलेल्याला फुकट सोडणंही सोपं जातं.

फिफाच्या नियमांनुसार खेळाडूचे करार जास्तीत जास्त पाच वर्षांचे असतात (देशाचा कायदा मुभा देत असेल तर जास्तही), अठरा वर्षांखालच्यांसाठी तीन वर्षांचे. लोनलाही 2022 पासून मुदत घातली आहे: एक लोन जास्तीत जास्त वर्षभराचं, आणि लोनवर आलेल्याला तिसऱ्या क्लबाकडं पुन्हा लोनवर पाठवायचं नाही. मोठे क्लब डझनावारी पोरं विकत घेऊन त्यांना वर्षानुवर्षं इकडंतिकडं फिरवत ठेवत, त्याला यानं थोडा लगाम बसला. उरुग्वेचा सेबास्तियन आब्रेऊ 1998 पासून 2004 पर्यंत स्पेनच्या देपोर्तिव्होचा खेळाडू होता, आणि त्यातला बराचसा काळ ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना, उरुग्वे इथं लोनवर होता. पुढं सर्वाधिक क्लबांकडून खेळल्याबद्दल गिनेसच्या विक्रमपुस्तकानं त्याची नोंद घेतली तेव्हा सव्विसावा क्लब चालू होता. त्या सव्विसांतले काही त्यानं निवडले आणि काही मूळ क्लबनं पाठवलं म्हणून जोडले गेले, हे ध्यानात घेतलं की तो आकडा वेगळा दिसायला लागतो.

भारतात हे आणखी गुंतलं. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा ती वर्षाअखेरच्या दोन-तीन महिन्यांत उरकायची, आणि आधीपासूनची राष्ट्रीय लीग, आय-लीग, नव्या वर्षात सुरू व्हायची. त्यामुळं एकच खेळाडू एका वर्षात दोन क्लबांकडून दिसायचा. सुनील छेत्री बेंगळुरू एफसीचा असताना 2015 आणि 2016 मध्ये मुंबई सिटीकडून खेळला. त्याआधी 2013 मध्ये तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून लोनवर चर्चिल ब्रदर्सला आला होता. मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, पुन्हा बागान, स्पोर्टिंग, चर्चिल, बेंगळुरू, मुंबई: यादी पाहिली तर छेत्रीही जर्नीमन वाटेल. पण चर्चिल आणि मुंबई ही दोन नावं लोनची म्हणून बाजूला काढली, की उरते ती चांगल्या क्लबांनी मागणी केलेल्या माणसाची वाटचाल, आणि 2013 नंतर एकाच क्लबात रुजलेला खेळाडू.

सोलापूरच्या पोरांना हे सगळं लांबचं वाटायला नको. सोलापूर-पुणे ही इंटरसिटीची वाट आहे, आणि पुण्यात एकेकाळी व्यावसायिक फुटबॉलचे दरवाजे उघडे होते. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 मध्ये थांबले, डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये, आणि एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद होऊन त्या जागी हैदराबादचा संघ आला. पाच वर्षांत चार क्लब. तिथल्या खेळाडूंच्या यादीत पुढचं नाव जोडलं गेलं ते लोननं नाही आणि कुणी हौसेनं ट्रान्सफर घेतली म्हणूनही नाही. पायाखालचा क्लबच गेला. अशा पोराच्या क्लबांची संख्या मोजून त्याला अस्थिर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मुलगा ट्रायलमधून निवडला गेला आणि घरी कागद आला, तर पालकांनी जर्सीचा रंग बघण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात. करार कुणाशी आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत. लोन असेल तर पगार कोण देणार आणि दुखापतीचा खर्च कुणाचा. आणि परत बोलावण्याची किंवा विकत घेण्याची अट आहे का. शेजारच्या काकांनी "अहो, तुमचा मुलगा मोठ्या क्लबात गेला म्हणे" असं विचारलं, तर अभिमानानं हो म्हणावं, पण कागद लोनचा असेल तर वर्षभरानं तो परत येणार हेही सांगून टाकावं. परत आलेल्या पोराकडं मग "काढून टाकलं वाटतं" या नजरेनं कुणी बघणार नाही.

एक गोष्ट इथल्या क्लब चालवणाऱ्यांसाठी. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फीतले 5 टक्के, फिफाच्या नियमानुसार, त्या खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला फीच्या 0.25 टक्के, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या क्लबनं मुलाला बाराव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत चार हंगाम शिकवलं आणि पुढं तो परदेशी क्लबाकडं 1 कोटी रुपयांच्या फीवर गेला, तर 1 लाख रुपये इथं यायला हवेत. लोन फीवरही हा हिस्सा लागतो. करार संपून फीविना गेला तर यातलं काहीच नाही. पण मुलाची त्या चार वर्षांची नोंदणी क्लबच्या नावावर झालेली नसेल, तर फी कितीही मोठी असो, दावा करता येत नाही. पार्कवर रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकांनी मुलांची हजेरी वहीत लिहिणं पुरेसं नाही. जिल्हा संघटनेमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक हंगामाला ती नावं चढवायला हवीत.